बिनजुडीचा

दसऱ्याच्या सकाळी अप्पाजी तांबरमच्या कॉलनीमागच्या बाकावर रुसून बसले होते. तीन महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला आले, तेव्हापासून रोज याच बाकावर, याच वाकड्या झाडाखाली बसून ते रुसत. भाषा कळत नाही, भाकरी मिळत नाही, आणि आता सणाला आपटासुद्धा नाही. जिथं सोनं वाटता येत नाही तिथं म्हाताऱ्यानं राहायचं कशाला? हट्ट धरून उद्याचं कराडचं तिकीट त्यांनी मुलाला काढायला लावलं होतं.

सून शर्मिष्ठा काल मोठ्या हौसेनं पार्कातून जोडपानं घेऊन आली होती. अप्पाजींनी एक पान तळहातावर ठेवलं, तर अख्खा तळहात झाकला गेला. "हा कांचन. सोनं म्हणून पितळ वाटतेस होय?" म्हणाले. 

आता ती त्यांना पूजेला बोलवायला आली आणि थबकली. सासऱ्यांच्या टोपीवर एक पान पडलं होतं. तिनं ते उचललं. लहानसं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, टोकाला मधोमध चिरलेलं, मागून किंचित लवदार. तिनं ते त्यांच्या हातावर ठेवलं.

अप्पाजींनी पान चष्म्याशी नेलं, दुमडलं, उलगडलं. मग वर पाहिलं. काळपट खडबडीत खोड, खाली झुकलेल्या फांद्या, वाळक्या शेंगा, आणि अशीच पानं, हजारांनी. सत्तर दसरे केले या गृहस्थांनी, पण आपटा पाहिला तो बाजारात, जुडी बांधलेला. बिनजुडीचा ओळखणार कसा?

तळमजल्यावरचे कृष्णस्वामी मोगऱ्याला पाणी घालत होते. मूळचे तंजावरचे, घरात अजून जुन्या वळणाची मराठी. शर्मिष्ठानं त्यांना झाडाचं नाव विचारलं.

"तमिळांत आत्ती म्हणतात यास. येथें रान होतें तेव्हांपासून आहे. घरें मागाहून आलीं."

अप्पाजींना हसू फुटलं. आधी नुसतंच खांदे हलले, मग टोपी काढून मांडीवर आपटत ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं म्हणायला गेले, पण अर्ध्यावरच ठसका लागला. शर्मिष्ठाही हसली. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायचंही तिला सुचलं नाही. कृष्णस्वामींना विनोद कळला नव्हता, तरी तेही हसत होते.

अप्पाजी उठले. एकच डहाळी त्यांनी हलक्या हातानं मोडली. शर्मिष्ठानं पदर सावरून हात पुढे केला. कृष्णस्वामींनीही पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"थांबा जरा," अप्पाजी म्हणाले. पहिलं पान त्यांनी खोडाशी ठेवलं आणि हात जोडले.

"घ्या सोनं. तीन महिने तुमच्याच सावलीत बसून तुम्हाला ओळख दिली नाही, राग मानू नका. पुढच्या दसऱ्याला चूक होणार नाही."