लाल औषध

कुपी उघडून नर्स सुई आणायला गेली. आत सोन्याच्या एकसारख्या सूक्ष्म कणांचं लालभडक औषध होतं, चार्वीच्या विझलेल्या डोळ्यांसाठी आठ महिने खपून बनवलेलं. दुसरं तयार होईपर्यंत तिच्या डोळ्यांतल्या पेशी टिकणार नव्हत्या.

तेवढ्यात तिच्या आईने, मालनने, रुमालातली मीठ-मोहरी काढली आणि लेकीची दृष्ट काढली. मिठाचे दोन खडे कुपीत पडले. मिठाने कण एकमेकांना चिकटून निकामी झाले; लाल रंग आधी जांभळा, मग निळा झाला.

परतलेल्या नर्सने कुपीकडे पाहिलं, मालनच्या मुठीकडे पाहिलं आणि सुई तशीच ट्रेमध्ये ठेवली.

"आई, लाल आहे ना गं औषध?" चार्वीने विचारलं.

"लालभडक," म्हणत मालनने निळी कुपी पदराखाली झाकली.