अंगणातला धूर

कॅप्टन बर्व्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्या वर्षीच्या माघातली ही गोष्ट. बर्वे चालवत ते कारखानदार दौलतराव शिंगट्यांचं छोटं जेट दिल्लीला जायला टाक्या भरून उभं होतं. तेवढ्यात दौलतरावांना गावाहून फोन आला, आई शेवटच्या घटका मोजतेय.

“एवढ्या वजनानं गावाकडच्या आखूड धावपट्टीवर उतरता येणार नाही,” बर्वे म्हणाले. “आधी इंधन काढून घेऊ. तासभर लागेल.”

“तासभर इथं बसू होय? उडवा! वरच्या वर जळेल ते.”

गाव लगेच आलं, पण वजन काही मर्यादेत आलं नव्हतं. कमी उंचीवर इंधन जास्त जळतं, म्हणून बर्वे खालूनच घिरट्या घालू लागले.

“घारीसारखं फिरायला विमान घेतलं का मी? अहो, ते बघा माझं घर! उतरवा!”

“पट्टी संपेल, साहेब, पण विमान थांबायचं नाही.” असं म्हणतानाही बर्व्यांचा हात चाकं खाली सोडायच्या दांड्याकडे गेला आणि मागे आला.

पुढच्या फेरीला दौलतरावांनी कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं. त्यांच्या अंगणातून धूर वर येत होता. घरची चूल सोडून पाणी अंगणात तापवतात ते मयताच्या अंघोळीसाठीच.

“आता सावकाश उतरवा, कॅप्टन,” ते म्हणाले. “घाई सरली.”

हौसाबाई शिंगटे माघ वद्य तृतीयेला सकाळी वारल्या. लेक तेव्हा त्यांच्याच घरावरून फिरत होता.