मागांच्या आवाजात

वडिलांनी डबा उघडला तशी मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. कापडाच्या कारखान्यातले चाळीस माग एकाच वेळी धडधडत होते. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

म्हणूनच तर ती इथे बोलत असे.

घरी वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. "बाबा, मला ना..." एवढं म्हणायचा अवकाश, "आधी जेवून घे," असं उत्तर वर्तमानपत्राच्या आडून तयार. वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला देऊन ते मोकळे.

पोस्टातल्या ड्यूटीवर जाताना ती कारखान्यात डबा पोचवायची. त्या दहा मिनिटांत मन हलकं करायची. आठ महिन्यांत तिने सगळं सांगून टाकलं होतं. कोपऱ्यावरचा पाववाला, पिठाने पांढरे झालेले त्याचे कान, रोज एकच तिकीट घ्यायला येणं.

"खुळाच आहे, बाबा! म्हटलं, एकदम दहा घ्या. तर म्हणतो, मग उद्या कशाला येऊ?"

वडील तिच्याकडे बघत सावकाश चावत राहायचे. आसपासचे कामगार तिच्याकडे बघून हसायचे. किती मायाळू माणसं, असं तिला वाटायचं.

आज मात्र तिला हुंदका आवरेना. "काल त्याने मागणी घातली, बाबा. मला हो म्हणायचंय. पण तुम्हाला नाही आवडलं तर? तुम्हाला दुखवून मी कशी जाऊ?"

वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. दाराकडे बघून बोटाने खूण केली. दाराजवळच्या माणसाने मेन स्विच ओढला.

माग थांबले. कारखाना चिडीचूप झाला.

"काय म्हणत होतीस?" वडिलांनी विचारलं.

तिने घाईघाईने डोळे पुसले. "कुठे काय? भाजीत मीठ कमी पडलंय का, विचारत होते."

"मीठ?" पार शेवटच्या मागावरून एक म्हातारी ओरडली. "अगं, पाववाल्याचं सांग की!"

"हो म्हणून टाक!" दुसरीकडून आवाज आला, आणि सगळा कारखाना हसत सुटला.

"गप्प बसा रे!" वडील म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "आठ महिने आपण सगळे नुसते तिचे ओठ वाचतोय. एकदा तिच्या आवाजात ऐकू द्या."