अपेक्षित वेळ

कंपनीत प्रेस मशीनखाली डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि समाधानची बाईकची ड्रॅग रेस सुटली, त्याला नऊ वर्षं झाली. यंदा गुरुवारच्या सुट्टीला त्यानं चाकणच्या स्पर्धेत पुन्हा नाव दिलं. पहिल्या फेरीत बाद झालो तर बाईक विकून टाकतो, असा शब्द त्याला बायको आम्रपालीला द्यावा लागला होता.

फॉर्मवर 'अपेक्षित वेळ' असा नवाच रकाना होता. पूर्वी चारशे मीटरला त्याला चौदा सेकंद लागायचे. आता क्लच उरलेल्या बोटांनी ओढायचा, उगाच हसं नको, म्हणून त्यानं सोळा लिहिलं.

"सोळात तर आमची म्हैसपण पोचंल, राव!" रांगेतला शेजारचा सनी म्हणाला.

हिरवा दिवा लागला. एकही गिअर चुकला नाही. शेवटच्या रेषेपलीकडच्या फलकावर १३.८ उमटलं, तसं समाधाननं हेल्मेट काढून घरी फोन लावला. "आमू, गाडी ऱ्हातीय आपली! आयुष्यात एवढी पळवली नव्हती!"

फोन चालू असतानाच पंच जवळ आले.



"भाऊ, नियम वाचला नाही का? या गटात लिहून दिलेल्या वेळेच्या आधी पोचलं की बाद."