घोड्याचा दहावा हिस्सा

“आमच्या दारात मुकं जनावर आजवर तळमळलं नाय, आनं मी जिता हाय तवर तळमळनार नाय,” कुंडलिकबाबांनी कल्याणच्या दुकानात जाहीर केलं. बाहेरच्या रिक्षावाल्याने मान वळवली. दुकानदाराने अदबीने विचारलं, जनावर कोणतं? बाबांनी सुनेकडे पाहिलं. गोल्डफिश, ती म्हणाली.

कुणाली लग्न होऊन म्हसा गावाजवळच्या त्या घरात आली, तेव्हा माहेरची माशांची काचेची पेटीही बरोबर आणली. आहेर बघायला जमलेल्या बायका मासे मोजून घरी गेल्या. मे महिन्यात मुरबाडचं ऊन पत्र्यावर बसलं. पेटीतलं पाणी आंघोळीला चालेल इतकं तापलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, एक तर आडवाच झाला. नवरा फोनवर म्हणाला, नदीत सोड. कुणाली रडली नाही, पण जेवलीही नाही. आणि ज्यांना मासा फक्त कालवणात ठाऊक, ते सासरेच म्हणाले, पाणी गार करायचं यंत्र मिळतं म्हणतात, चल आणू. त्यांचेही डोळे तांबारलेले होते. रात्री झोप लागत नव्हती म्हणे. असा सासरा मिळायला पुण्य लागतं.

दुकानात ती पाणी गार करायची यंत्रं, म्हणजे चिलर, फ्रिजच्या पिल्लांसारखे ओळीने बसले होते. बाबांनी ते जत्रेतल्या बैलांसारखे पारखले. मागे जाऊन आले, पाठीवर थाप मारली. दात बघायची सोय नव्हती, म्हणून किती घोड्यांचा ते विचारलं. तुमच्या पेटीला एक दशांश पुरे, दुकानदार म्हणाला. बाबांचा चेहरा उतरला. त्यांची शेतीची मोटार पाच घोड्यांची. घोड्याचा दहावा हिस्सा घरी नेला तर भावकी काय म्हणेल? त्यांनी अख्ख्या घोड्याच्या चिलरवर हात ठेवला. त्याच्या झोतात मासे काचेला चिकटतील, असं दुकानदाराने सांगून पाहिलं. घोडा म्हणजे घोडा, बाबा म्हणाले.

सासऱ्याचा शब्द चारचौघांत खाली पाडणं कुणालीला शक्य नव्हतं. तिने ओढणी सारखी केली.

“घ्या बाबा, मोठाच घ्या. लगीन निघालं की भावकी सरबत गार करायला मागून नेईलच.”

बाबांनी हात काढून घेतला. चुलतभावाने मागून नेलेली पाच घोड्यांची मोटार गेल्या वर्षापासून त्याच्याच बांधावर होती.

“धावा हिस्साच बांध रे,” ते म्हणाले. “तो मागताना मानसाला लाज वाटंल.”

पंचायतीत जन्म घालवलेल्यांनाही इतका सुबक निकाल लावता येत नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी निवलं. आडवा मासा सरळ झाला आणि दाणा टिपू लागला. बघायला आळी लोटली. मुक्या जिवांसाठी म्हातारा उन्हात कल्याणला गेला, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. बाबांनी कोणाला अडवलं नाही. माणसं पांगल्यावर कुणाली पाया पडली. तिचे डोळे भरले होते.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मानेवरचा घाम टॉवेलने टिपला. त्यांच्या खाटेजवळचा टेबलफॅन तिने ऊन वाढल्यापासून पेटीतल्या पाण्यावर वारा घालायला लावला होता. बाबा त्याच्याकडे बघत हळूच म्हणाले,

“मंग गो पोरी, आता माझा पंखा तेवढा देशील?”