दसऱ्याचा गूढ धूर

खंडेनवमीला हर्डीकर सरांनी हवेतले सूक्ष्म कण मोजणाऱ्या यंत्राला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि मूठभर उदबत्त्या नेमक्या त्याच्या हवा ओढणाऱ्या नळीसमोर ओवाळल्या. यंत्रानं तो धूर भक्तिभावानं पोटात घेतला. पडद्यावरची रेघ थेट आभाळाला भिडली.

दरवर्षी दसऱ्याला गावी पळणारी ऋजुता यंदा पीएचडीचा प्रबंध उरकायला थांबली होती. ती त्या रेघेकडे बघतच राहिली. दर दसऱ्याला उसळणारा गूढ धूर तो हाच! परराज्यातली शेतं जळतात आणि त्यांचा धूर वाऱ्यावर बसून इथवर येतो, असं सरांनी जगाला पटवलं होतं. त्यावर त्यांना पुरस्कार मिळाला होता आणि तिचा अख्खा प्रबंध उभा होता.

"सर, हा धूर शेतांचा नाहीये," ती चाचरत म्हणाली. "आपल्या उदबत्त्यांचा आहे."

सरांनी रेघेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पुरस्काराकडे. घसा खाकरून त्यांनी उदबत्त्या तिच्या हातात दिल्या.

"आता तू ओवाळ. जरा मनापासून हं, गेल्या वर्षीपेक्षा आकडा खाली यायला नको."

ऋजुतानं क्षणभर प्रबंधाचा विचार केला आणि पुडा फोडून आणखी दोन पेटवल्या.