डेस्मंडचं मत

"राजाच्या अंगावर पायजमा!" मध्यंतराचे दिवे लागताच विल्फ्रेड कडाडला. "अरे, राजा आहे तो. इस्पितळातून पळालेला रोगी नव्हे."

"तेच तर दाखवायचंय तिला," शेजारच्या खुर्चीतून डेस्मंड म्हणाला. "राज्य गेल्यावर राजा काय आणि रोगी काय."

"वर्ष नाही झालं येऊन, आणि थिएटर डोक्यावर घेतलंय त्या बाईनं."

ती बाई म्हणजे हॅरिएट मोस्टिन. नदीकाठचं ते थिएटर शेक्सपिअरच्या नाटकांसाठीच उभं राहिलेलं. जुने कलासंचालक निवृत्त झाले आणि सूत्रं हिच्या हाती आली. तेव्हापासून राजे पायजम्यात आले, सेनापतीची कामं बायका करू लागल्या आणि तलवारींच्या जागी पिस्तुलं आली. बुधवारच्या दुपारच्या खेळाला येणारी म्हातारी मंडळी चहा पिता पिता हळहळत. त्यात विल्फ्रेडचा आवाज सगळ्यांत मोठा.

एके काळी ते चौघं यायचे. विल्फ्रेड आणि आयव्ही, डेस्मंड आणि मॉइरा. मॉइराचे गुडघे गेले, जिने चढवेनात. आयव्ही तर आदल्या हिवाळ्यात गेलीच. तिला पोचवून आल्यावर विल्फ्रेडनं दार लावून घेतलं ते घेतलंच. नवीन बाईच्या पहिल्या नाटकाला डेस्मंडनं त्याला अक्षरशः ओढून आणलं होतं.

तेव्हापासून दोघांची जुंपली होती. चहाच्या टेबलावर डेस्मंड त्या पायजम्याचं कौतुक करी आणि विल्फ्रेड त्याच्या चिंधड्या उडवी. रागाच्या भरात तो आपला केक संपवी, मग डेस्मंडचाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन वाजे.

"रात्री विचार करत होतो," डेस्मंड म्हणे. "पिस्तुलाची कल्पना फार खोल आहे."

"खोल? गटारही खोल असतं, गाढवा!"

तासभर तरी फोन खाली ठेवला जात नसे.

वसंतात थिएटरनं प्रेक्षकांची सभा बोलावली. हॅरिएट मोस्टिन स्वतः समोर बसली होती. विल्फ्रेड उठला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, आवाज खणखणीत. "बाई, तुम्ही आमचं घर घेतलंत आणि आतली माणसं हाकलून दिलीत," तो म्हणाला. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी त्याची मान ताठ झाली होती.

मग डेस्मंड उठला.

"माझा मित्र बोलतो छान," तो म्हणाला. "पण त्याला नाटक नकोच आहे. त्याला मेणाचे पुतळे हवेत. वर्षातून एकदा धूळ झटकली की झालं!"

सगळे हसले. टाळ्या वाजवणारेही हसले. हॅरिएट मोस्टिनही हसली.

बाहेर पायऱ्यांवर डेस्मंडनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, गंमत केली. चल, चहा घेऊ. तू मला झोडून काढ."

विल्फ्रेडनं हात झटकला. "आयव्ही असती तर तुझ्या शेजारी बसली नसती. मीही बसणार नाही."

डेस्मंडचा चेहरा पांढरा पडला.

विल्फ्रेडनं जागा बदलून घेतली, दूरची, खांबाआडची. मध्यंतरात डेस्मंड तिकडून हात हलवी. विल्फ्रेड पाठ फिरवी. सकाळी फोन वाजे, वाजून वाजून बंद होई. पानगळीपर्यंत वाजत राहिला, मग थांबला.

नाताळ सरला आणि बातमी आली. डेस्मंड बागेत पक्ष्यांना दाणे टाकायला गेला होता. तिथंच कोसळला.

चर्चमध्ये विल्फ्रेड शेवटच्या बाकावर बसला. मॉइराला भेटायचा धीर झाला नाही. काय तोंडानं भेटणार? एका पायजम्यापायी त्यानं जिवाभावाचा मित्र टाकला होता.

वसंतात पायजम्यातल्या राजाचं तेच नाटक पुन्हा लागलं. विल्फ्रेड गेला आणि आपल्या जुन्या जागेवर बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती. डेस्मंडला यात काय दिसत होतं, एवढंच त्याला पाहायचं होतं. शेवटी म्हातारा राजा मेलेल्या लेकीला हातांवर घेऊन आला. पायजम्यावरच्या सदऱ्याची एक बाही फाटली होती. उघडा दंड थरथरत होता. विल्फ्रेडला इस्पितळातला आयव्हीचा दंड आठवला आणि तो लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मॉइराचं दार वाजवलं.

ती काठी टेकत आली. तिनं त्याला आत घेतलं, चहा ओतला.

"मी चुकलो, मॉइरा," तो म्हणाला. "त्याला कळलं होतं, मला कळलं नाही. काल मी ते नाटक त्याच्या डोळ्यांनी पाहिलं. ती बाई खरंच मोठी आहे. डेस्मंड बरोबर होता. हे त्याला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला तरी सांगावं म्हणून आलो."

मॉइरानं किटली खाली ठेवली.

"डेस्मंडला ती बाई आवडायची?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! जीव टाकायचा तो तिच्यावर. भर सभेत माझी फजिती केली तिच्यासाठी."

"विल्फ्रेड, तिचं एक नाटक त्याला सोसायचं नाही. पहिलं पाहून आला ना, तेव्हा त्यानं टोपी फेकली. म्हणाला, सत्यानाश केला बाईनं, पुन्हा तिथं पाय ठेवणार नाही." मग हळूच म्हणाली, "आणि जरा वेळानं म्हणाला, 'पण मॉइरा, आयव्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा विल्फ्रेड बोलला गं. शिव्याच दिल्या, पण बोलला. उद्यापासून मी त्या बाईच्या बाजूचा.'"